पिकअपचं गिअर ऑइल घरी बदलताय? आधी वरचा प्लग उघडतो का ते बघा

इंजिन ऑइल सगळे वेळेवर बदलतात. पण गिअरबॉक्सचं ऑइल शेवटचं कधी बदललं असं विचारलं की समोरचा गप्प होतो, ते आत असतंच, त्याला काय होतंय, असं म्हणतो. आमच्याकडं पण तसंच होतं. आमची बोलेरो पिकअप आहे, पाच गिअरवाली मॅन्युअल. सीझनला कांदा लासलगावला जातो आणि बाकी वर्षभर टोमॅटो, कोथिंबीर, मेथी वाशी मार्केटला, म्हणजे भरल्या गाडीनं कसारा घाट उतरायचा आणि परत चढायचा. घाट उतरताना ब्रेक तापू नयेत म्हणून गाडी खालच्या गिअरवर धरावी लागते, तेव्हा मालाचं सगळं वजन गिअरच्या दात्यांवर येतं, आणि त्या दात्यांच्या मधे जो ऑइलचा पातळ थर असतो तोच गिअरबॉक्सला वाचवतो. तो थर जुना झाला, त्यात पाणी गेलं किंवा ऑइल कमी झालं तर वरून काहीच दिसत नाही, आणि आवाज यायला लागतो तेव्हा आत झीज झालेली असते.

मी मेकॅनिक नाही, शेती आणि गाडी दोन्ही सांभाळतो. पहिल्यांदा हे काम घरी केलं तेव्हा संध्याकाळी सहाला खालचा प्लग काढून सगळं ऑइल सोडून दिलं आणि मग वरचा, भरायचा प्लग उघडायला गेलो तर तो हलेचना. पाना घसरून त्याचे कोपरे गोल झाले. रात्री दोनला कोथिंबीर घेऊन निघायचं होतं, जुड्या बांधून ओल्या पोत्याखाली ठेवलेल्या, आणि गाडीच्या गिअरबॉक्समधे थेंबभर ऑइल नाही. माल दुसऱ्याच्या गाडीत चढवावा लागला, भाडं अंगावर पडलं आणि गाडी दोन दिवस अंगणात उभी राहिली. हे तुमच्यावर येऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

हे फक्त मॅन्युअल गिअरबॉक्ससाठी आहे. ऑटोमॅटिकचं ऑइल वेगळं आणि पद्धत पण वेगळी, तिथं हे वापरू नका. गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरलाच करून घ्या आणि बिल जपून ठेवा.

१) खरंच ऑइलचा प्रॉब्लेम आहे का ते आधी बघा

गिअर जड पडतोय म्हणून लगेच ऑइल आणायला पळू नका. एक साधी टेस्ट आहे. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद ठेवा, क्लच दाबून सगळे गिअर एकेक करून टाकून बघा. मग इंजिन चालू करून तेच करा. इंजिन बंद असताना गिअर मऊ पडतात आणि चालू केल्यावर अडकतात किंवा रिव्हर्स टाकताना खर्रर्र आवाज होतो, तर बहुतेक क्लच पूर्ण सुटत नाहीये, मग क्लचचं काम बघा, ऑइल बदलून पैसे जातील आणि दुखणं तसंच राहील. दोन्ही वेळा जड पडत असतील, विशेषतः थंडीत सकाळी सकाळी दुसरा गिअर अडत असेल आणि गाडी तापल्यावर बरा होत असेल, तर ऑइलकडं बघायला हरकत नाही. सलग घुंऽऽ असा आवाज येत असेल आणि गिअर बदलला की तो आवाजही बदलत असेल, तर आधी ऑइलची लेव्हल चेक करा, ऑइल कमी असू शकतं.

काहीच त्रास नसेल तरी गाडीच्या पुस्तकात किती किलोमीटरला बदलायचं त्याचा तक्ता असतो, तो बघा. कायम लोड ओढणाऱ्या गाडीला त्यात बहुतेक वेळा वेगळा, कमी किलोमीटरचा आकडा दिलेला असतो. आपल्या पिकअप त्यातच मोडतात, घरच्या कारचा आकडा धरू नका.

आणि पावसाळ्यात फरशी पुलावरून पाणी वाहत असताना गाडी घातली असेल, पाणी गिअरबॉक्सपर्यंत आलं असेल, तर तक्ता विसरा आणि ऑइल चेक करा. गिअरबॉक्सला हवा जायला यायला वरच्या अंगाला एक छोटा ब्रीदर असतो. गाडी तापलेली असते, थंड पाण्यात गेली की आतली हवा एकदम आकसते आणि ब्रीदरमधून किंवा सीलच्या, म्हणजे शाफ्टभोवती ऑइल अडवणाऱ्या रबरी रिंगच्या कडेनं पाणी आत ओढलं जातं. असं ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतं. तसं दिसलं तर तेच ऑइल ठेवून गाडी चालवू नका.

२) ऑइल विकत घेताना

इथं माझी दुसरी चूक झाली होती. दुकानात जाऊन नुसतं "गिअर ऑइल द्या, नव्वद नंबर" म्हणलं, त्यानं दिलं, मी टाकलं. गाडी चालली, पण गिअर पहिल्यापेक्षा जास्त अडायला लागले. नंतर डबा नीट वाचला तर त्यावर जीएल-५ लिहिलेलं आणि गाडीच्या पुस्तकात जीएल-४.

डब्यावर दोन गोष्टी वाचायच्या. एक म्हणजे घट्टपणा, ७५डब्ल्यू ८०, ८०डब्ल्यू ९०, किंवा नुसतं ९० असं काहीतरी लिहिलेलं असतं. दुसरं म्हणजे ऑइलचा प्रकार, एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) च्या वर्गवारीतला जीएल-४ की जीएल-५. लोक म्हणतात पाच हे चारपेक्षा मोठं म्हणजे भारी, पण गिअरबॉक्सच्या बाबतीत तसं नाहीये. जीएल-५ मधे जास्त दाब सहन करायला गंधक आणि फॉस्फरसवाली रसायनं जास्त टाकलेली असतात, ती मागच्या हाउसिंगमधल्या, म्हणजे मागच्या एक्सलच्या मधल्या गोळ्यातल्या क्राउन पिनियन गिअरसाठी चांगली. गिअरबॉक्समधे मात्र पितळेच्या सिंक्रो रिंगा असतात, गिअर टाकताना त्या रिंगांना घासून वेग जुळवायचा असतो. ऑइल फार निसरडं असेल तर रिंग पकडच घेत नाही आणि गिअर अडतो, आणि त्यातली काही रसायनं तापल्यावर पितळ खातात. म्हणून पुस्तकात जे लिहिलंय तेच घ्या. पुस्तक हरवलं असेल तर सर्व्हिस सेंटरच्या पार्ट काउंटरवर गाडीचा चासी नंबर सांगून विचारा, सांगतात ते.

मागच्या हाउसिंगचं ऑइल पण त्याच दिवशी बदलणार असाल तर दोन वेगळे डबे लागतील. डब्यांवर मार्करनं मोठ्या अक्षरात "पुढचं" आणि "मागचं" असं लिहून ठेवा. गाडीखाली झोपल्यावर हातात कुठला डबा आला ते कळत नाही.

किती लागेल हे पण पुस्तकातच बघा, आणि त्यापेक्षा अर्धा लिटर जास्त आणा, थोडं सांडतंच. डबा सीलबंद घ्या, सुटं ऑइल घेऊ नका.

३) काय काय लागेल

- प्लगच्या मापाचा रिंग पाना किंवा गोटी पाना. काही प्लगना आतून चौकोनी किंवा षटकोनी खाच असते, त्यांना तसाच पाना किंवा एलन की लागते. माप आदल्या दिवशीच बघून ठेवा.
- दोन्ही प्लगचे नवीन वायसर, तांब्याचे किंवा अ‍ॅल्युमिनियमचे, गाडीला जे असतील ते
- तारेचा ब्रश, गंज सोडवायचा स्प्रे, हातोडी
- घमेलं किंवा पसरट टब, गिअरबॉक्समधे जेवढं ऑइल असतं त्याच्या दुप्पट मावेल एवढं
- नरसाळं आणि दीड दोन मीटर पारदर्शक नळी. गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती लेव्हल पाइप एकदम चालते, पण नवीन घ्या, पाणी भरलेली जुनी नको.
- रिकाम्या बाटल्या, चिंध्या, कॉटन वेस्ट, जुनी वर्तमानपत्रं, बॅटरी
- डोळ्याला चष्मा. गाडीखाली बघताना वाळलेला चिखल सरळ डोळ्यात पडतो.
- मदतीला एक माणूस

टॉर्क पाना, म्हणजे ठरवलेल्या जोरानंच आवळता येणारा पाना, मिळाला तर उत्तम, ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून तासाभरासाठी मागून आणा.

४) गाडी उभी करायची जागा

पिकअप उंच असते, बऱ्याचदा जॅक न लावता खाली सरपटत जाता येतं, आणि तेच बरं, कारण लेव्हल बरोबर यायला गाडी चारी चाकांवर सपाट असायला हवी. आमच्या अंगणाला उतार आहे म्हणून मी आता शेजारच्या खळ्यावर गाडी नेतो, तिथं कोबा आहे. मातीत करू नका, सांडलेलं ऑइल जमिनीत जातं आणि वायसर खाली पडला तर सापडत नाही.

हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, चावी काढून खिशात ठेवा, पुढच्या आणि मागच्या चाकांना दोन्हीकडून मोठे दगड लावा. गाडी रिकामी असू द्या.

उचलावीच लागली तर चासीखाली लोखंडी स्टँड लावून मगच खाली जा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नका, आणि विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक तर अजिबात नको, ते वजनानं न सांगता फुटतात. आणि एक बाजूच उचलली तर लेव्हल चुकते, मग चारी बाजू सारख्या उचलाव्या लागतात. गाडीखाली जाताना घरात सांगून जा, पोरांना केबिनमधे बसू देऊ नका.

५) प्लग ओळखा

खाली गेल्यावर सगळे बोल्ट सारखेच दिसतात. म्हणून आधी पूर्ण गिअरबॉक्सचा खालचा भाग ब्रशनं आणि चिंधीनं साफ करा आणि मोबाईलवर फोटो काढा. पुढून मागं या. सगळ्यात पुढं इंजिनचा चेंबर आणि त्याचा प्लग, तो आपला नाही, तो उघडला तर इंजिन ऑइल जाईल. त्याच्या मागं घंटेसारखा गोल भाग म्हणजे क्लचचं कव्हर. त्याच्या मागं गिअरबॉक्स. त्याच्या तळाला ड्रेन प्लग आणि बाजूला, साधारण मध्याच्या उंचीवर, फिलर प्लग. फिलर प्लगचं भोक हीच ऑइलची लेव्हल. फोर व्हील ड्राइव्ह गाडी असेल तर गिअरबॉक्सच्या मागं ट्रान्सफर केस असते, तिचे प्लग वेगळे.

गिअरबॉक्सच्या अंगावर अजून पण काही बोल्ट असतात ज्यांच्या आत स्प्रिंग आणि छर्रा असतो, गिअर जागेवर धरून ठेवायला. बरेच जण तोच ड्रेन प्लग समजून उघडतात आणि छर्रा बाहेर पडतो. रिव्हर्स लाईटच्या स्विचला वायर असते, त्यालाही हात लावू नका. शंका असेल तर पुस्तकातलं चित्र आणि तुमचा फोटो शेजारी ठेवून बघा, तरी कळलं नाही तर फोटो मेकॅनिकला पाठवून विचारा आणि मगच पाना लावा.

६) आधी फिलर प्लग ढिला करा

आता मुख्य गोष्ट. खालच्या प्लगला हात लावायच्या आधी वरचा उघडतो का ते बघायचं. वरचा उघडला तर काम पूर्ण होणार, वरचा नाही उघडला तर ऑइल आतच आहे, गाडी चालवत मेकॅनिककडं नेता येते. एवढा साधा हिशोब आहे पण मला दोन दिवस गाडी उभी ठेवून कळला.

हे काम मी आदल्या दिवशी संध्याकाळी करतो, गाडी थंड असताना. प्लगच्या खाचेतला चिखल सुईनं किंवा तारेनं पूर्ण काढा, नाहीतर पाना अर्धाच बसतो आणि कोपरे जातात. चारी बाजूनं स्प्रे मारा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी हातोडीनं प्लगच्या डोक्यावर दोन चार हलके ठोके द्या, जोरात नाही, गिअरबॉक्सची बॉडी बऱ्याचदा अ‍ॅल्युमिनियमची असते. मग पाना पूर्ण बसवून एकदम झटका न देता हळूहळू जोर वाढवा. नाही हलला तर पान्याला लांब पाइप लावा. दिशा नीट ठरवून घ्या, प्लगच्या तोंडाकडून बघताना घड्याळाच्या उलट फिरवायचं, उताणं झोपल्यावर हे उलटसुलट वाटतं आणि माणूस सोडवायच्या ऐवजी आवळत बसतो.

कोपरे गोल व्हायला लागले तर तिथंच थांबा. वेल्डिंगवाला त्यावर नट चिकटवून काढून देतो, आमचा तसाच निघाला.

एकदा ढिला झाला की परत हातानं बसवून ठेवा.

७) जुनं ऑइल सोडा

गाडी सात आठ किलोमीटर फिरवून आणा, सगळे गिअर वापरा. कोमट ऑइल पातळ होतं आणि तळाचा गाळ घेऊन येतं. लगेच खाली जाऊ नका, सायलेन्सरचा पाइप गिअरबॉक्सच्या जवळूनच जातो आणि हात भाजतो. पंधरा वीस मिनिटं थांबा.

मग फिलर प्लग काढा, घमेलं खाली घ्या, ड्रेन प्लग पान्यानं ढिला करून शेवटचे आटे हातानं सोडवा. सोडवताना प्लग आत दाबून धरा आणि शेवटी पटकन बाजूला घ्या, नाहीतर प्लग घमेल्यात आणि ऑइल बाहीत. धार सुरुवातीला लांब पडते, म्हणून घमेलं थोडं पुढं ठेवा. अर्धा तास गळू द्या.

८) ऑइल आणि प्लग काय सांगतात

हे बघितल्याशिवाय पुढं जाऊ नका. बऱ्याच ड्रेन प्लगला लोहचुंबक असतं. त्यावर करड्या रंगाचा मऊ लेप दिसेल, बोटात चोळला की ग्रीससारखा लागतो, ती रोजची झीज आहे, घाबरायचं कारण नाही. बोटाला टोचणारे कण, कपचे, दात्याचा तुकडा असं काही निघालं तर तो गिअरबॉक्स उघडून बघायला लागणार, नुसतं नवीन ऑइल भरून गाडी घाटात नेऊ नका. ऑइलमधे उन्हात धरल्यावर थोडी सोनेरी चमक दिसते, ती सिंक्रो रिंगांची. थोडी असते, पण ऑइल सोन्याच्या रंगासारखं चमचमत असेल आणि गिअर पण अडत असतील तर रिंगा संपत आल्यात.

ऑइल बाटल्यांमधे ओतून मोजा. पुस्तकातल्या आकड्यापेक्षा बरंच कमी निघालं म्हणजे कुठूनतरी गळतंय. प्रोपेलर शाफ्ट जिथं गिअरबॉक्समधे जातो तिथलं सील आणि क्लच कव्हरच्या खालची बाजू बघा.

९) ड्रेन प्लग बसवा

चुंबक पुसून स्वच्छ करा, भोकाच्या कडा पुसा, जुना वायसर काढून टाका, कधी कधी तो बॉडीला चिकटून राहतो आणि माणूस त्यावरच नवीन लावतो, मग गळतं. नवीन वायसर लावून प्लग आधी पूर्ण हातानं फिरवा. हातानं दोन तीन आटे मऊ जात नसतील तर तिरका लागलाय, काढून परत लावा. मग टॉर्क पान्यानं पुस्तकातल्या आकड्याएवढं आवळा. टॉर्क पाना नसेल तर छोट्या दांड्याचा पाना घ्या, वायसर दबल्याचं हाताला कळतं, तिथं थांबा. पाइप लावून आवळू नका. अ‍ॅल्युमिनियमचे आटे गेले की मोठं काम निघतं.

१०) नवीन भरा

नळीचं एक टोक फिलरच्या भोकात, दुसरं बोनेटमधून वर काढून नरसाळ्याला. एकानं वरून ओतायचं, दुसऱ्यानं खाली नळी धरून बघत राहायचं. नळी सायलेन्सरला टेकू देऊ नका. गिअर ऑइल घट्ट असतं, हिवाळ्यात तर काकवीसारखं, म्हणून बंद डबा गरम पाण्याच्या बादलीत पंधरा मिनिटं ठेवा, सरळ गॅसवर ठेवू नका. घाईनं ओतलं तर नरसाळं भरून वाहतं. हातपंप मिळत असेल तर नळीपेक्षा सोपं पडतं.

भोकातून ऑइल बाहेर यायला लागलं की थांबा, खाली घमेलं असू द्या, धार बारीक होऊन थेंब थेंब झाली की लेव्हल बरोबर. बोट भोकात घालून वाकवलं तर ऑइल भोकाच्या खालच्या कडेला लागायला हवं. पुस्तकातला आकडा आणि तुम्ही ओतलेलं जवळपास जुळतंय का बघा. खूप आधीच बाहेर यायला लागलं तर गाडी तिरकी उभी आहे किंवा जुनं पूर्ण निघालं नाही.

जास्त भरलं तर चांगलं असं समजू नका. जास्तीचं ऑइल सीलमधून बाहेर येतं आणि पुढच्या सीलमधून क्लच प्लेटवर गेलं तर क्लच घसरायला लागतो.

फिलर प्लगला पण नवीन वायसर लावा. आणि ब्रीदर वरून साफ करा, चिखलानं बुजलेला असेल तर आत दाब तयार होऊन नवीन सीलमधून पण ऑइल गळतं.

११) जळकं ऑइल कुठं द्यायचं

आपल्याकडं जळकं ऑइल सेंटरिंगच्या प्लेटांना लावतात, वाळवीसाठी लाकडाला लावतात, काही जण बांधावर ओतून देतात. बांधावरचं पावसात विहिरीत उतरतं, आणि तेच पाणी आपण आणि जनावरं पितो, हे मला अजिबात पटत नाही. वापरलेलं ऑइल २०१६ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात धरलं जातं. झाकणाच्या कॅनमधे भरून ठेवा आणि जे गॅरेज किंवा सर्व्हिस सेंटर आपलं जळकं ऑइल परवानाधारक रिसायकलवाल्याला देतं तिथं नेऊन द्या, देण्याआधी त्यांना तसं विचारून घ्या. त्यात पाणी, डिझेल, कूलंट मिसळू नका, मग ते पण घेत नाहीत. चिंध्या वेगळ्या पिशवीत ठेवा, चुलीत घालू नका.

१२) पहिले दोन दिवस

दहा पंधरा किलोमीटर रिकामी फिरवा, सगळे गिअर वापरा, घरी आल्यावर गाडीखाली वर्तमानपत्र पसरून रात्रभर ठेवा. सकाळी डाग असेल तर तो कुठल्या प्लगच्या खाली आहे ते बघा, फिलरचा असेल तर बऱ्याचदा भरताना सांडलेलंच असतं, पुसून परत एक रात्र बघा. पहिली भरलेली ट्रिप झाली की दोन्ही प्लगवरून कोरडं बोट फिरवा, ओलं लागलं तर बघायला लागेल.

तारीख, किलोमीटर, ऑइलचा ग्रेड आणि किती लिटर लागलं हे ड्रायव्हर साइडच्या दाराच्या आतल्या पट्टीवर मार्करनं लिहा आणि डायरीत पण लिहा. आमच्या गाडीवर दोन ड्रायव्हर आहेत, कुणी ऑइल टॉपअप करायला गेलं तर दारावर वाचून तोच डबा आणतं.